आमा, विहीणबाई आणि कोंबड्याचं डोकं

माझ्या आईला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. ही काही मी तिची चहाडी करत नाहीये. ती स्वतःच दुकानात गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगते. "माझे डोळेच तसले," म्हणते. "दुसऱ्याच्या ताटात काय पडलं ते मला आधी दिसतं."

दुकान डोनटचं. अल्हांब्रात, लॉन्ड्रीला लागून. बट्टाम्बांग या आमच्या गावाहून युद्धातून जीव वाचवून इकडे आलेले आमच्यासारखे तिओच्यू चिनी बहुतेक सगळे डोनटच तळत बसले. का, ते विचारू नका. एकानं तळले म्हणून दुसऱ्यानं तळले. आई तर सरळ सांगते, की जावेनं लाँग बीचला दुकान टाकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, म्हणून आम्ही टाकलं. "त्या पोटदुखीवर माझी दोन मुलं शिकली," हे वर.

ती जावेच्या काचेच्या कपाटावर जळली. लॉन्ड्रीवालीच्या केसांवर जळली, ते अजून काळे आहेत म्हणून. वडील गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्या समोरच्या बाईकडे बघून माझ्या कानात म्हणाली, "हिचा अजून घोरतोय." असली माझी आई. नाव किम-ह्वे, घराणं खू, उंची माझ्या खांद्याएवढी. माझ्या भाचीमुळे आता सगळं गाव तिला आमा म्हणतं, म्हणजे आजी.

पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हेवा तिच्या विहिणीचा. तोच सांगायला बसले आहे.

मी थोरली, लिलियन. माझा धाकटा भाऊ बेन्सन दातांचा डॉक्टर. डोनटवालीचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला, यावरचे सगळे विनोद आमचे करून झालेत, तुम्ही नवीन करू नका. त्याची बायको तामार, तीही डॉक्टर, ज्यू घरातली. त्यांची एकुलती एक तालिया. आई त्यांच्याच घरी राहते. दोघं सकाळी दवाखान्यात जायची आणि पोरगी आमाच्या पाठीवर. खारवलेल्या मुळ्याबरोबर भाताची पेज भरवून आमानंच ती वाढवली. म्हणून तालिया भांडते इंग्रजीत, पण ताप आला की कण्हते तिओच्यूत.

आमच्या भाषेत मुलाची मुलगी ती आतली नात. आईची आई ती बाहेरची आजी. हाकच तशी मारतात, त्यात कुणी अपमान मानत नाही. पण एकदा जेवताना तामार सहज म्हणाली, "आमच्यात मूल आईचं असतं. आई ज्यू तर मूल ज्यू."

आईनं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. मला म्हणाली, "विचार तिला. बापाकडून आमची, आईकडून त्यांची. मग अख्खी कुणाची?"

तालिया तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. ती म्हणाली, "मला अजून एक डंपलिंग हवंय." त्या दिवशी तेवढ्यावर भागलं.

बाहेरची आजी म्हणजे रोझलिंड. घरात तिला सगळे बबी म्हणतात, म्हणजे पुन्हा आजीच. डोंगरापलीकडे एन्सिनोला एकटी राहते, जन्मभर मुलांना पियानो शिकवला, अजून ताठ चालते. दर रविवारी मधाचा केक घेऊन यायची. तो केक कोरडा असतो असं आईचं ठाम मत. पहिला तुकडा खाऊन ती तसं म्हणते, आणि खात्री करून घ्यायला दुसरा खाते. इतकी वर्षं दोघी एकमेकींशी हसून वागल्या. एकीला दुसरीची भाषा येत नाही, हे आमचं नशीब.

तालियाला तेरावं लागलं आणि सगळं बिनसलं. ज्यू मुलगी तेराची झाली की सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून धर्मपोथीतला आपला भाग हिब्रूत म्हणते. त्या दिवसापासून ती मोठी, आपल्या पापपुण्याची आपण धनीण. बात मित्झ्वा म्हणतात. पोथीतला कोणता भाग वाचायचा ते त्या आठवड्यावर ठरतं. तालिया जानेवारीतली, पण बबीनं हट्ट धरला की सोहळा ऑगस्टातल्या अमुकच शनिवारी व्हायचा. आधी नाही, नंतर नाही. कारण विचारलं तर म्हणे, "तो भाग फार सुंदर आहे."

"बघ," आई मला म्हणाली. "पोरगी जानेवारीतली आणि सोहळा ऑगस्टात. घरात माझा मुलगा, माझा मुक्काम, आणि तारीख ठरवणार डोंगरापलीकडची."

पुढे शिकवणी सुरू झाली. रात्रीच्या जेवणानंतर तालिया आणि आमा हाँगकाँगची मालिका बघायच्या. गेली कित्येक वर्षं ती वेळ आमाची होती, पोरगी मांडीवर डोकं टाकून पडायची. आता त्याच वेळेला तालिया लॅपटॉप घेऊन खोलीत जायची, दार लावायची आणि पलीकडून बबीचा आवाज यायचा. एक ओळ बबी म्हणायची, एक तालिया. दाराबाहेर आई टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. त्याच चार टॉवेलांच्या, मोडायची आणि परत घालायची.

एकदा दुकानात डोनटवर साखरेचा पाक ओतता ओतता ती चक्क ते हिब्रू गुणगुणत होती. मी म्हटलं, "आई, काय गातेस?"

"कोण गातंय? माशी हाकलत होते."

मग त्या दिवशी आपण काय करायचं, हे तिनं तामारला विचारलं. सरळ नाही, माझ्यामार्फत. तामार गुणी आहे, तिनं सिनेगॉगच्या रॅबायलाच, म्हणजे तिथल्या धर्मगुरूलाच, घरी बोलावलं. ही रॅबाय म्हणजे तरुण, गोड बोलणारी बाई. तिनं समजावलं, की पोथीच्या कपाटासमोर घरातले सगळे उभे राहतात, पोथी बाहेर काढतात, मग ती आजीच्या हातातून आईच्या हातात आणि आईच्या हातातून मुलीच्या हातात जाते. एका पिढीनं दुसरीला दिली, असं. पोथी हातात घ्यायची ती फक्त ज्यूंनी. पण आमांनाही मोठा मान आहे. पोथीच्या कपाटाची दारं त्या उघडतील.

मी भाषांतर केलं. आई हसून रॅबायला म्हणाली, "थँक्यू, थँक्यू." मग तेच हसू तोंडावर ठेवून मला म्हणाली, "म्हणजे मी दारवान."

"आई, मान आहे तो."

"हॉटेलातही दार उघडणाऱ्याला टोपी देतात. मुलीचं हगणं-मुतणं मी काढलं, दात आले तेव्हा रात्रभर खांद्यावर घेऊन मी फिरले. आणि आता मालकीण विहीणबाई, दार उघडणारी मी. आयत्या बिळावर नागोबा!"

"काय म्हणतात त्या?" रॅबायनं विचारलं.

"खूप आनंद झाला म्हणतात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्यानंतर दोन दिवस आई दुकानात फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आली तीच उजळलेलं तोंड घेऊन. "तालिया पंधराची झाली," म्हणाली.

"तेराची, आई."

"तुमच्या हिशेबानं. आपल्या हिशेबानं मूल जन्मतःच एक वर्षाचं. नववर्ष आलं की अजून एक. ही नववर्षाच्या तोंडावर जन्मली, म्हणजे पाळण्यातच दोनाची झाली. मोज. पंधरा. आणि तो शनिवार आपल्या सातव्या महिन्यातला. विहीणबाईंनी तारीख काढून दिली, देवानंच बुद्धी दिली तिला. आधी आमची बाग सुटेल, मग जाऊ दे तिला त्यांच्या देवळात."

आमच्यात मूल पंधराचं होईपर्यंत बागेत असतं. पलंगाखाली राहणारी देवी त्याला सांभाळते. पंधराव्या वर्षी, सातव्या महिन्यात, बारा फुलांच्या पाण्यानं आंघोळ, अंगात लाल कपडा, पायात लाल लाकडी खडावा आणि ताटात अख्खा कोंबडा. त्याचं डोकं त्या मुलानं खायचं. खाल्लं की बाग सुटली, मूल मोठं झालं.

आईची स्वतःची बाग सुटलीच नव्हती. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. बट्टाम्बांगला त्या वर्षी घरात दोघं पंधराची होती, ती आणि तिचा चुलतभाऊ आ-हेंग. तिची आजी म्हणाली, "कोंबडा एक, डोकं एक. पोरींची बाग लग्नात सुटते." आईनं दारात फुलांची परात धरली आणि आ-हेंगनं डोकं तोंडात घातलं. आणि थुंकलं! चोच टोचली म्हणून थुंकलं, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे आईचं लग्न झालं ते धावपळीत, देश पेटायच्या आधी उरकलेलं. त्यात बागेचं कुणाला सुचतंय! "मी अजून बागेतच आहे," ती म्हणते. "म्हणून तर उंची वाढली नाही."

तर आईनं तयारी केली. खडावा दूरच्या भाचीकडून मागवल्या. फुलं गल्लीभर हिंडून गोळा केली, लॉन्ड्रीवालीच्या कुंडीतला मोगरा तर न विचारताच कापला. अडचण एकच होती. तालियानं त्या वसंतात मांस सोडलं होतं. या वयाच्या पोरी काही ना काही सोडतातच. आईनं ते मनावर घेतलं नाही. "डोक्यात मांस असतं कुठे?" म्हणाली.

त्या शनिवारी मी सकाळीच त्यांच्याकडे पोचले. बबी आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती. फुलांची आंघोळ झाली, पोरीला ती आवडलीसुद्धा. मग कपड्यांवरून घासाघीस. तालियानं पांढरा झगा आणला होता. "पांढरा? कुणी मेलंय का?" आई म्हणाली. शेवटी आतून लाल बंडी आणि वरून पांढरा झगा, यावर तह झाला. आईनं तिला दाराकडे तोंड करून बसवलं आणि समोर ताट ठेवलं. तुरा ताठ, चोच पुढे. कोंबडा मोठा देखणा होता.

तालियानं ताटाकडे बघितलं, आमाकडे बघितलं. "आमा, मी नाही खाऊ शकत."

"एक घास."

"आमा, त्याला डोळे आहेत."

"मग डोळे मिटून खा!"

"माझे नाही, त्याचे!"

बेन्सन म्हणाला, जाऊ दे. तामार म्हणाली, नुसतं ओठाला लावलं तर नाही का चालणार? आईनं कुणाकडे बघितलंच नाही. मला तिचं मन पुस्तकासारखं वाचता येत होतं. डोकं खाल्लं नाही तर बाग सुटली नाही. म्हणजे आपला सोहळा झालाच नाही. आणि तासाभरात विहीणबाई पोरीचा हात धरून त्यांच्या दारातून तिला मोठी करून नेणार, ते दार उघडायला आपणच. पोरगी कायमची तिकडची होणार.

तालियाच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "मी खडावा घालते आमा. सिनेगॉगमध्येपण घालते. शपथ. पण हे नको."

तेवढ्यात बबी गाऊन घालून कॉफी करायला आली. ताट बघून म्हणाली, "वा! मीच खाल्लं असतं, पण हा आमच्या पद्धतीनं कापलेला नाही ना."

ती गमतीनं म्हणाली होती. मी भाषांतर करायला नको होतं, पण आई माझी बाही ओढत होती. ऐकून आई म्हणाली, "सांग तिला, कोंबड्यालाही कुणी विचारलं नव्हतं." मग तिनं सुरीनं डोकं वेगळं केलं, डोनटच्या दुकानातल्या चकचकीत कागदात गुंडाळलं आणि आपल्या काळ्या पर्समध्ये ठेवून चेन लावली. "आज दिवस मावळायच्या आत खाशील तू," तालियाला म्हणाली.

सिनेगॉगात तालिया शिरली ती टॉक टॉक करत. दगडी फरशी आणि लाकडी खडावा, सगळे माना वळवून बघायला लागले. पोरीचे कान लाल झाले, पण काढल्या नाहीत तिनं. आईची मान तेवढी वर झाली. मग कपाटाची वेळ आली. आईनं दोन्ही दारं अशी उघडली की आतल्या मखमली खोळीतल्या पोथ्यांच्या चांदीच्या घंटा वाजल्या. उघडून बाजूला व्हायचं होतं, ती झाली नाही. कमरेवर हात ठेवून तिथंच उभी.

"पोथीलाही झबलं घातलंय," मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली.

रॅबायनं पोथी बबीच्या हातात दिली. तिनं ती पोटाशी धरली, आणि धरूनच ठेवली. तामारनं हात पुढे केले तरी क्षणभर सोडेना. मग दिली. तामारनं तालियाला दिली. आई हे सगळं तीन पावलांवरून बघत होती, आणि तिच्या नजरेला त्या पोथीत पोथी नाही, पोरगी दिसत होती. आमची पोरगी आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातातून त्यांच्या हातात चालली होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मीही जळले.

आम्ही पुढच्या रांगेत येऊन बसलो. मधे मी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बबी. तालियानं म्हणायला सुरुवात केली, आवाज सुरुवातीला कापरा, मग मोकळा. थोड्या वेळानं आईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"हिच्याकडे बघ."

बबीचे ओठ हलत होते. समोर पुस्तक बंद. डोळे मिटलेले. तालियाच्या एक शब्द पुढेच होती ती.

"शिकवलं तिनंच, आई. पाठ असणारच."

"शिकवताना पुस्तक बघायची ती. मी फटीतून बघायचे ना! बघून न बघितल्यासारखं करायची. आधीपासून पाठ आहे हिला. विचार, हिचं हे कधी झालं होतं?"

मी बबीच्या कानाशी लागले. बबीनं डोळे उघडले आणि हळू आवाजात म्हणाली, "माझं नाही झालं. आमच्या घरी मुलींचं करत नसत. माझ्या भावाचं झालं, सिमोरचं. याच आठवड्यातला भाग. त्याला पाठ होईना, म्हणून मी म्हणून दाखवायचे, तो मागून म्हणायचा. मला एवढा एकच भाग येतो, लिलियन. त्या दिवशी मी वर बायकांच्या सज्जात होते. माझ्या हातात गोड गोळ्यांची पिशवी दिली होती, त्याचं झालं की वरून फेकायला. वडील म्हणाले होते, मुलीचा दिवस म्हणजे तिचं लग्न."

शेवटचं वाक्य आईला सांगताना माझी जीभ अडखळली. हेच वाक्य मी आईच्या बट्टाम्बांगच्या आजीचं म्हणून शंभरदा ऐकलं होतं.

आईनं विचारलं, "भावानं नीट म्हटलं?"

"मधेच अडकला," बबी म्हणाली. "मी वरून पुढचा शब्द सांगितला. सगळ्यांनी ऐकलं. घरी आल्यावर वडील ओरडले. मला, त्याला नाही."

"सांग तिला," आई म्हणाली, "आमच्या आ-हेंगनं थुंकलं होतं."

मी सांगितलं. सिनेगॉगात, पोथी चालू असताना, कोंबड्याचं डोकं, परात, टाळ्या, सगळं कुजबुजत सांगितलं. मागच्या बाईनं दोनदा श्शू केलं. बबीनं तोंडावर हात धरला. ती हसतेय का रडतेय ते कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं.

वाचन संपलं तशा चारी बाजूंनी तालियावर आधी सगळ्यांना वाटलेल्या मऊ गोळ्या पडल्या. पोरंटोरं ओरडत वेचायला धावली. बबीनं मात्र एकही फेकली नाही. मूठ आवळून मांडीवर ठेवली होती. आईनं ते बघितलं, आणि आपलीही मूठ उघडली नाही.

जेवणाच्या वेळी आई स्वतःहून बबीशेजारी जाऊन बसली. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. मलाही ओढून बसवलं, दुभाषी हवी होती. "विचार, आता नाही का करता येत तिला? वयाची अट आहे का?"

"करतात ना, पुष्कळ म्हाताऱ्या करतात," बबी म्हणाली. "मीही करणार होते. मग वाटलं, लोक म्हणतील, हिला नातीचं बघवलं नाही."

हे ऐकून आईनं मान वळवून विहिणीकडे नीट बघितलं. माझी खात्री आहे, त्या घरात सून आल्यापासून तिनं तिला पहिल्यांदाच बघितलं. "हिलापण?" मला म्हणाली. "अगं, हिलापण!"

मग तिनं पर्स उघडली आणि टेबलाखाली तो चकचकीत कागद उलगडला. बबी वाकली. आतून तुरा आणि चोच वर आली. बबीनं चटकन टेबलक्लॉथ पुढे ओढला. "इथे नको! अहो, या हॉलमध्ये हे चालत नाही. बाहेरचं मांस आतच आणायचं नसतं."

"मग पोरीला कुठे देऊ?" आई म्हणाली.

पोरगी समोरच होती. मैत्रिणींच्या घोळक्यात, हातात केकची बशी, पायात खडावा. आईनं तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे.

"तिला दिलं होतं," ती म्हणाली. "तिनं नाही घेतलं. डोकं एकच आहे."

मला आधी कळलंच नाही. बबीला कळलं, भाषा न येताच. ती उठली, आईचं कोपर धरलं आणि तिला कोट टांगायच्या खोलीकडे घेऊन गेली. ऑगस्ट महिना, आत नुसते हँगर. मी मागोमाग. बबीनं आम्हाला आत ढकललं आणि दार ओढून स्वतः बाहेर उभी राहिली.

आईनं कोपऱ्यातली खुर्ची ओढून दाराकडे तोंड केलं. केस सारखे केले. मग डोकं दोन्ही हातांनी धरून तुऱ्यापासून सुरुवात केली.

बाहेरून रॅबायचा आवाज आला. "रोझलिंड, आत कोण आहे?"

"थांबावं लागेल."

"कोटांच्या खोलीत?"

"बायकांचं काम आहे."

"मीही बाईच आहे."

"तुम्ही तरुण आहात. तुमच्या वेळी सगळं होतं," बबी म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. पावलं परत गेली.

आत कुडुम कुडुम चालू होतं. आईनं चोचसुद्धा सोडली नाही. चावता चावता तिच्या कपाळावर घाम आला. मला रडू आवरेना, आणि ती मात्र कोरडी.

"कसं लागतंय, आई?"

"थंड." हाडं कागदात गुंडाळली, बोटं चाटली. खुर्चीवरून उठून आपल्याच पायांकडे बघत राहिली. "एवढंच होतं होय? एवढ्यासाठी मी जन्मभर आ-हेंगवर जळले?"

दार उघडलं तर बबी पाठ लावून, हात पसरून उभी. आईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "सांग तिला," मला म्हणाली, "दारवान चांगली आहे."

मी सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

हॉलमध्ये नाच सुरू झाला होता. तालियाला खुर्चीवर बसवून पोरांनी खुर्ची वर उचलली होती. झग्याच्या गळ्यातून लाल बंडी डोकावत होती, एक खडाव पायात, एक खाली पडलेली. पोरगी किंचाळत होती, हसत होती. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या. बबीनं मूठ उघडून घामानं चिकट झालेली एक गोळी आईला दिली. आईनं ती तोंडात टाकली.

"हिला दोन्ही मिळालं," आई तालियाकडे बघत म्हणाली. "बाग पण आणि पोथी पण. मागितलंसुद्धा नाही, डोकंसुद्धा खाल्लं नाही. आणि बघ, खडाव पडली त्याचंही काही नाही."

"काय म्हणते?" बबीनं विचारलं.

मी सांगितलं. बबीनं मान हलवली. "मीही मघापासून तेच म्हणतेय मनात."

"मला नाही बघवत," आई म्हणाली.

हॉल रिकामा होऊन लोक टेबलं उचलायला लागले, तरी दोघी तिथंच बसून बघत होत्या.